रंगमंदिराची किल्ली कोणाच्या हाती?

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर असो, ठाण्याचे गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर असो की विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह असो. मराठी माणसाचे नाटक बहुतांशी ज्या वास्तूंत घडते, त्या वास्तू महापालिकांच्या मालकीच्या आहेत. आपल्या करातून त्या उभ्या राहिल्या, आपल्या करातून त्यांची रंगरंगोटी होते आणि त्यांच्या तारखा पालिकेच्या कार्यालयातून वाटल्या जातात. शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब नाटकाला जाणाऱ्या रसिकाच्या मनात हा मालकीहक्काचा विचार सहसा येत नाही. तो येतो, एखादा प्रयोग अचानक रद्द झाल्याची पाटी दारावर लागते तेव्हा. मग प्रश्न उभा राहतो : वास्तू पालिकेची आहे म्हणून त्या वास्तूत काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हेही पालिकेनेच ठरवावयाचे काय?

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. अविष्कारस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणून जिचे गोडवे गायले जातात, त्या अमेरिकेत तो गेली पन्नास वर्षे पुन:पुन्हा न्यायालयाच्या दारात उभा राहिला आहे. तेथील अनुभव डोळसपणे तपासून पाहावा, असा आमचा आग्रह आहे. अनुकरणासाठी नव्हे, तर आपली स्वत:ची भूमिका घासूनपुसून घेण्यासाठी.

अगदी अलीकडची घटना मार्च २०२५ मधील आहे. फ्लोरिडा राज्यातील मायामी बीच या शहरात ‘ओ सिनेमा’ नावाचे एक छोटे, विना-नफा तत्त्वावर चालणारे चित्रपटगृह शहराच्या मालकीच्या इमारतीत भाडेकराराने चालते. त्याने ‘नो अदर लँड’ हा पॅलेस्टिनी आणि इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केलेला माहितीपट दाखवावयाचे ठरविले. याच माहितीपटाला त्या वर्षीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला होता. शहराचे महापौर स्टीव्हन माइनर यांना तो एकांगी आणि ज्यू समाजाविरुद्धचा प्रचार वाटला. शहरात ज्यू नागरिकांची मोठी वस्ती आहे. महापौरांनी चित्रपटगृहाच्या चालकांना पत्र लिहिले, चालकांनी आधी माघार घेतली आणि लगेच ती माघारही मागे घेतली. त्यावर महापौरांनी चित्रपटगृहाचा भाडेकरार संपुष्टात आणावा आणि त्याचे अनुदान थांबवावे, असा ठराव शहर आयोगापुढे आणला. १९ मार्च रोजी तो चर्चेला आला, तेव्हा आयोगाचे बहुतेक सदस्य आणि मोठ्या संख्येने जमलेले नागरिक विरोधात असल्याचे दिसून आले. त्यांत चित्रपट मुळीच न आवडलेलेही होते. महापौरांना ठराव मागे घ्यावा लागला.

इस्रायलविषयी आमच्या वाचकांच्या मनात असलेले ममत्व आम्ही जाणतो. ते ममत्व आमच्याही मनात आहे. दहशतवादाशी झुंजणाऱ्या त्या छोट्या राष्ट्राची बाजू एखाद्या चित्रपटात मांडलीच जात नसेल, तर त्याचा प्रतिवाद व्हावयास हवा. परंतु म्हणूनच हे उदाहरण आम्ही आरंभी घेतले. ज्या ठिकाणी आपली सहानुभूती सत्ताधाऱ्याच्या बाजूने आहे, तेथेच तत्त्वाची खरी परीक्षा होते. महापौरांचे मत पटले, तरी त्यांचा मार्ग पटावा काय? घरमालकाच्या अधिकाराने शहराला चित्रपट परत पाठविता येत असेल, तर उद्या दुसऱ्या मताचा महापौर दुसरा चित्रपट परत पाठवील. किल्ली तीच, हात फक्त वेगळा.

या प्रश्नातील सर्वांत गाजलेला खटला मात्र न्यूयॉर्कचा. ‘सेन्सेशन’ नावाचे तरुण ब्रिटिश कलावंतांचे प्रदर्शन १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिन वस्तुसंग्रहालयात भरावयाचे होते. लंडनचे जाहिरातसम्राट चार्ल्स साची यांच्या खासगी संग्रहातील ही कलाकृतींची मांडणी १९९७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत झाली, तेव्हाही वादळ उठले होते. तेथे संतापाचा विषय होता एका बालहत्यारिणीचे चित्र. त्याच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली होती. न्यूयॉर्कमध्ये संताप झाला तो ख्रिस ओफिली या कलावंताच्या ‘द होली व्हर्जिन मेरी’ या चित्रावर. कृष्णवर्णी मेरीच्या या चित्रात हत्तीची लीद वापरली होती आणि अश्लील नियतकालिकांतील कात्रणे चिकटविली होती. ओफिली स्वत: कॅथलिक, आईवडील मूळचे नायजेरियाचे. लिदीचा वापर अपमानासाठी केलेला नाही, आफ्रिकेशी असलेल्या नात्याची ती खूण आहे, असे त्यांचे समर्थन होते.

शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळी घालणाऱ्या आपल्या समाजाला लिदीचे वावडे असावयाचे कारण नाही. परंतु ज्या समाजात मेरी पूजिली जाते, त्या समाजाच्या मनात ते पाहून काय उमटले असेल, हे आपल्याइतके दुसरे कोणास समजणार? न्यूयॉर्कच्या लाखो कॅथलिक कुटुंबांना वेदना झाल्या. त्या वेदना खोट्या नव्हत्या. त्यांना ‘अडाणी’, ‘बुरसटलेले’ म्हणून हिणवणाऱ्या कलासमीक्षकांची तुच्छता आम्हांला परिचयाची आहे आणि ती तितकीच निषेधार्ह आहे.

महापौर रुडॉल्फ जुलियानी स्वत: कॅथलिक. त्यांनी प्रदर्शनास ‘विकृत’ ठरवून जाहीर केले की, हे प्रदर्शन रद्द केले नाही तर शहर संग्रहालयाला देत असलेले अनुदान बंद करील. ही रक्कम वर्षाला सुमारे ७२ लाख डॉलर होती. म्हणजे संग्रहालयाच्या चालू खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा. संग्रहालयाची इमारत शहराच्या मालकीची आणि करार एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा शहराने संग्रहालयाला त्या इमारतीतून बाहेर काढण्याचा दावाही गुदरला. कारण सांगितले ते कराराच्या कलमांचे : शाळकरी मुलांना मुक्त प्रवेश नाही, शुल्क घेतले जाणार, वगैरे. वस्तुत: ही कलमे महापौरांना चित्र दिसल्यावर आठवली. अशा वादांत नेहमी असेच घडते. मूळ राग चित्राचा असतो. कागदावर मात्र भाडेकरार, अग्निशमनाचा दाखला नाहीतर वाहनतळाची अडचण येते.

संग्रहालयाने संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली. १ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यायाधीश नीना गर्शन यांनी शहराला मनाई केली. त्यांच्या निर्णयाचा गाभा साधा होता. शहराने संग्रहालय चालवावेच, असे बंधन त्याच्यावर नाही. अनुदान द्यावेच, असेही नाही. पण एकदा देऊ केलेला पैसा आणि दिलेली वास्तू, एखाद्या कलाकृतीतील विचार आवडला नाही म्हणून, शिक्षा या स्वरूपात हिरावून घेता येणार नाही. ‘करदात्यांच्या पैशाने आमच्या श्रद्धेची विटंबना’ या युक्तिवादालाही त्यांनी उत्तर दिले. सार्वजनिक ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत प्रत्येक करदात्याला न रुचणारे काही ना काही असतेच. संग्रहालयात मेरीची भक्तिभावाने काढलेली चित्रे आहेत म्हणून शहर कॅथलिक पंथाचा प्रचार करीत नाही; त्याच न्यायाने हे चित्र लागले म्हणून शहर त्या पंथाचा द्वेष करते, असेही होत नाही. मार्च २००० मध्ये तडजोड झाली. अनुदान पूर्ववत झाले आणि इमारतीच्या डागडुजीसाठी शहराने आणखी रक्कम मान्य केली.

या कथेचा एक उत्तरार्ध आहे आणि तो कलाजगताला मुळीच भूषणावह नाही. ज्या साचींच्या संग्रहाचे हे प्रदर्शन होते, त्यांनीच त्याच्या खर्चासाठी १ लाख ६० हजार डॉलर दिल्याचे आणि संग्रहालयाने ते झाकून ठेवल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. क्रिस्टीज ही लिलावसंस्थाही प्रायोजकांत होती. सार्वजनिक संग्रहालयात चित्र लागले की त्याची बाजारातील किंमत वाढते, हे कोणीही सांगेल. २०१५ साली हेच चित्र लंडनच्या लिलावात २८ लाखांहून अधिक पौंडांना विकले गेले आणि आज ते न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयात आहे. म्हणजे महापौरांनी शहरातून घालवावयास निघालेले चित्र बाजारभाव चढवून पुन्हा त्याच शहरात कायमचे वस्तीला आले. संतापाने कोणाचे भले केले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ‘स्वातंत्र्य’ या पवित्र शब्दाआड जो व्यापार चालतो, त्याचा बुरखा फाडणे हे पत्रकारांचे काम होते, समीक्षकांचे काम होते, श्रद्धावान नागरिकांचेही काम होते. ते बाजूस राहिले, कारण महापौरांनी कुलूप काढले आणि साऱ्यांचे डोळे कुलपाकडे लागले. कलावंत हुतात्मा झाला आणि व्यापारी निसटला.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. अनुदान देताना सभ्यतेचा विचार करूच नये, असे अमेरिकन न्यायालय म्हणत नाही. १९९८ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कला निधीच्या प्रकरणात, अर्जांची निवड करताना सभ्यतेचे सर्वसाधारण निकष ध्यानात घेण्याची तरतूद वैध ठरविली होती. निधी मर्यादित असतो, निवड करावीच लागते आणि निवडीत मूल्यविचार असतोच. समाजाने आपला पैसा उत्तमावर, उन्नत करणाऱ्या कलेवर खर्च करावा, हा आग्रह सर्वस्वी योग्य आहे. परंतु आधी निकष ठरवून निवड करणे वेगळे आणि निवड झाल्यावर एका विशिष्ट मतासाठी दंड करणे वेगळे. पहिले धोरण आहे. दुसरी दंडेली आहे.

नाट्यगृहाच्या बाबतीत तर याहून जुना आणि आपल्याला अधिक जवळचा निर्णय उपलब्ध आहे. टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहरात टिव्होली नावाचे नाट्यगृह शहराने दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतले होते. १९७१ साली ‘हेअर’ या बहुचर्चित संगीत नाटकाच्या निर्मात्यांनी तेथे तारीख मागितली. नगर-नाट्यगृहाच्या संचालक मंडळाने ती नाकारली. प्रयोगात नग्नता आहे, अश्लीलता आहे आणि तो समाजाच्या हिताचा नाही, हे कारण. गमतीचा भाग असा की, संचालकांपैकी एकानेही नाटक पाहिले नव्हते की संहिता वाचली नव्हती. ऐकीव माहितीवर निर्णय झाला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च १९७५ मध्ये निर्माते जिंकले.

न्यायालयाने ते नाटक चांगले आहे असे प्रशस्तिपत्र दिले नाही. ते अश्लील आहे की नाही, या प्रश्नात ते शिरलेही नाही. त्याने एवढेच सांगितले की, प्रयोग होण्याआधीच तो रोखणे ही पूर्वबंदी आहे आणि पूर्वबंदी घालणाऱ्यावर तीन बंधने आहेत. प्रयोग आक्षेपार्ह आहे हे सिद्ध करण्याचा भार आणि न्यायालयात जाण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर असावी, कलावंतावर नव्हे. तोवरची मनाई अल्प आणि निश्चित मुदतीचीच असावी. आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय त्वरित व्हावा. या तीन अटींत कोठे स्वैराचार आहे? त्यांत आहे ती कार्यपद्धती. जो समाज शिस्तीला मानतो, त्याला कार्यपद्धतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

सभ्यतेची बाजू घेणाऱ्यांनी आणखी एक घटना विसरू नये. १९९० साली ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे समकालीन कला केंद्र आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या १७५ छायाचित्रांपैकी ७ छायाचित्रांवर आक्षेप होता. शहर परंपरानिष्ठ म्हणून ख्यात. निर्णय द्यावयास बसलेले ज्यूरी सामान्य नागरिक. त्यांनी ऑक्टोबर १९९० मध्ये दोघांनाही निर्दोष ठरविले. आम्हांला ती छायाचित्रे आपल्या घरच्या मुलांसमोर यावीत, असे मुळीच वाटत नाही. पण येथे मार्ग तरी सरळ होता : आरोप उघड, पुरावा उघड, निर्णय उघड. अनुदानाची धमकी नाही, भाडेकराराचे निमित्त नाही. हरलेल्यालाही आपले म्हणणे ऐकले गेले, हे समाधान असते.

आता आपल्या अंगणात पाहू. नाटकावर सरकारी अंकुश ठेवण्याचा कायदा आपण निर्माण केलेला नाही. तो इंग्रजांनी १८७६ साली आणला. बंगाली रंगभूमीवरून होणारी राज्यकर्त्यांची टवाळी आणि निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाचे दर्शन त्यांना सोसवेना, म्हणून. आणि त्याच नाट्यप्रयोग कायद्याचा वरवंटा महाराष्ट्रात कोणावर फिरला? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कथा महाभारतातली होती. पण कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत परतंत्र भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष आहे, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होते. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली ‘कीचकवध’वर बंदी आली. सरकारच्या लेखी त्या नाटकाने सार्वजनिक शांतता धोक्यात आणली होती. आज आपण त्यालाच राष्ट्रजागरण म्हणतो. कायद्याचे शब्द तेच होते; वाचणारे डोळे निराळे होते. हा कायदा २०१८ साली केंद्र सरकारने रद्द केला. गुलामीची एक खूण पुसली गेली, याचा आनंद व्हावयास हवा होता. त्याची फारशी दखलही कोणी घेतली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा अनुभवही बोलका आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने अडविले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षी आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने नाना फडणीसांच्या चित्रणामुळे अनेक घरांत संताप निर्माण केला. आमच्या परिवारातील अनेकांना ते नाटक दुखावून गेले आणि आजही ते त्याचे समर्थन करणार नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे.

परंतु पुढे काय झाले? जुलै १९९८ मध्ये प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ रंगभूमीवर आले. गांधीजींची हत्या हे घोर पातक होते, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही आणि त्या नाटकातील विचार स्वीकारा, असे आम्ही कोणास सांगणार नाही. प्रश्न निराळा आहे. संसदेत गदारोळ झाला आणि काही दिवसांतच प्रयोगांवर बंदी आली. ती घातली कोणी? महाराष्ट्रात तेव्हा युतीचे सरकार होते आणि केंद्रात अटलजींचे. म्हणजे ज्यांना आपण आपले म्हणतो, त्यांच्याच काळात, त्यांच्याच हातून हे घडले. पुढे २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर प्रयोग पुन्हा सुरू झाले. तरीही निदर्शने आणि प्रयोग उधळण्याच्या धमक्या थांबल्या नाहीत. ‘सखाराम’च्या वेळी ज्यांनी स्वातंत्र्याचा घोष केला होता, त्यांतील अनेकांना या वेळी बंदी आवश्यक वाटली. आणि ‘घाशीराम’वर बंदी मागणाऱ्यांतील अनेकांना या वेळी स्वातंत्र्य आठवले. दोन्ही बाजूंनी आरशात पाहावे, असा हा प्रसंग होता.

दुटप्पीपणाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. सप्टेंबर २००६ मध्ये बर्लिनच्या ‘डॉइश ऑपर’ या संगीत नाट्यगृहाने मोझार्टच्या ‘इडोमेनेओ’चे प्रयोग रद्द केले. त्या प्रयोगात पोसायडन, येशू, बुद्ध आणि महंमद पैगंबर या चौघांची छिन्न मस्तके दाखविली जात होती. नाट्यगृहाने माघार घेतली ती येशूच्या वा बुद्धाच्या अनुयायांच्या भावनांचा आदर म्हणून नव्हे, तर हिंसक प्रतिक्रियेचा धोका असल्याचा इशारा बर्लिनच्या सुरक्षा यंत्रणेने दिला म्हणून. जर्मनीत गहजब झाला, चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीही भीतीपोटी घेतलेल्या माघारीवर टीका केली आणि डिसेंबरमध्ये कडेकोट बंदोबस्तात प्रयोग झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डिसेंबर २००४ मध्ये ‘बेझ्ती’ या नाटकाविरुद्ध शीख समाजाच्या निदर्शनांना हिंसक वळण लागले आणि नाट्यगृहाने प्रयोग बंद केले. आरंभी निदर्शने शांततेची होती आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. गुरुद्वाराच्या पावित्र्याचा प्रश्न त्यांनी मांडला होता. काचा फुटल्या आणि तो प्रश्न बाजूस पडला.

यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक असा की, जो घाबरवितो त्याचेच ऐकले जाते, तेव्हा आपणही घाबरविण्यास शिकावे. हा निष्कर्ष अनेक तरुणांना मोह घालतो. ‘आपण सहिष्णू आहोत म्हणून आपली टिंगल होते’ हे वाक्य शाखेपासून दिवाणखान्यापर्यंत आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. त्यातील वेदना खरी आहे. श्रद्धांच्या अवमानाला एका समाजाच्या बाबतीत कला म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत चिथावणी, हा पंक्तिप्रपंच संतापजनकच आहे. पण पंक्तिप्रपंचावरचा उपाय सर्वांचीच पाने उचलणे हा नव्हे. सर्वांना एकाच पंक्तीत, एकाच नियमाने बसविणे हा आहे. दुसरा निष्कर्ष तो आहे आणि तोच आम्हांला ग्राह्य वाटतो. समान नियम मागावा, समान बंदी नव्हे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, दुर्मीळ ग्रंथसंपदेची नासधूस झाली, तेव्हा सारा सुसंस्कृत महाराष्ट्र हळहळला. भावना दुखावल्याचे कारण तेव्हाही पुढे केले गेले होते. दगड एकदा हाती घेतला की तो कोणत्या मंदिरावर पडेल, याचे बंधन त्याला राहत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात हीच दिशा दाखविली आहे. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाच्या त्या प्रकरणात न्यायालयाचे म्हणणे असे होते की, निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे होय. स्वातंत्र्याचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे आणि परिस्थिती हाताळता येत नाही, ही सबब त्याला सांगता येणार नाही. आपली राज्यघटना अमेरिकेपेक्षा निराळी आहे. कलम १९(१)(अ)ने दिलेल्या स्वातंत्र्यावर कलम १९(२)ने सभ्यता, नीतिमत्ता, सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी वाजवी निर्बंधांची मुभा ठेवली आहे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर व द्वेषपूर्ण रीतीने दुखावणाऱ्या कृत्यासाठी कलम २९९ आहे. म्हणजे पीडित श्रद्धावान नागरिक नि:शस्त्र नाही. फक्त ते शस्त्र न्यायालयाच्या देखरेखीखाली वापरावयाचे आहे, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या दूरध्वनीवर नव्हे.

आपल्याकडे महापौरपद हे मुख्यत: मानाचे, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. त्यामुळे जुलियानींसारखी उघड घोषणा येथे क्वचितच होते. येथे काम अधिक शांतपणे होते. एखादा नगरसेवक निरोप देतो, एखादी संघटना निवेदन देते, पोलीस ‘बंदोबस्त देता येणार नाही’ म्हणतात, व्यवस्थापक ‘तांत्रिक अडचण’ सांगतो आणि ठरलेली तारीख रद्द होते. कोणी लेखी काहीच दिलेले नसते; त्यामुळे दाद मागावयाची कोणाकडे, हेही ठाऊक नसते. अमेरिकेतील वादांचे एक मोठेपण असे की, तेथे सत्ताधाऱ्याचा ठराव, त्याचे कारण आणि त्यावरील मतदान उघड्यावर होते. मायामी बीचमध्ये महापौर हरले ते याच उघडेपणामुळे.

म्हणून महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांसाठी काही साधे नियम लेखी स्वरूपात करावेत, असे आम्ही सुचवितो. ज्या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे, त्याची तारीख आशयाच्या कारणावरून रद्द करण्याचा अधिकार पालिकेतील कोणालाही नसावा. अन्य कारणाने ती रद्द करावयाची झाल्यास कारण लेखी द्यावे आणि त्यावर सही करणाऱ्याचे नाव व पद असावे. आक्षेप घेणाऱ्याने न्यायालयात जावे. प्रयोग करणाऱ्याला तेथे पाठवू नये. बंदोबस्ताचा भार आयोजकांवर टाकून प्रयोग अशक्य करू नये. आणि निदर्शकांना नाट्यगृहाबाहेर, वाहतुकीला अडथळा न करता, फलक घेऊन शांतपणे उभे राहण्यासाठी जागा असावी. शेवटची सूचना आम्ही मुद्दाम केली आहे. निषेधाचा अधिकार हाही अविष्काराचाच अधिकार आहे. ‘हे नाटक पाहू नका’ असे सांगणारा नागरिक स्वातंत्र्याचा शत्रू नसतो. तो त्या स्वातंत्र्याचाच वापर करीत असतो. तथाकथित उदारमतवाद्यांना हे अनेकदा समजत नाही.

आमच्या कार्यकर्त्यांसाठीही दोन शब्द. नाटक न पाहता, पुस्तक न वाचता निवेदन देऊ नये. चॅटनूगाच्या संचालकांचे जे हसे झाले, ते आपले होऊ नये. पाहावे, वाचावे, नोंदी कराव्यात आणि मुद्देसूद लिहावे. इतिहासाचा विपर्यास झाला असेल तर पुराव्यानिशी दाखवून द्यावा. असे लेखन बंदीच्या बातमीपेक्षा अधिक काळ टिकते. तिकीट न घेणे हा तर सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत परिणामकारक निषेध आहे. कोणत्याही निर्मात्याला मोर्चाची भीती वाटत नाही. रिकाम्या खुर्च्यांची वाटते.

आणि याहून महत्त्वाचे कार्य निर्मितीचे आहे. बाबासाहेब पुरंदरे यांनी शिवचरित्राच्या विपर्यासाविरुद्ध केवळ तक्रार केली नाही. त्यांनी ‘जाणता राजा’ उभे केले आणि ते लाखोंनी पाहिले. खाडिलकरांनी इंग्रजांच्या नाट्यगृहांना कुलपे लावा असे म्हटले नाही. त्यांनी महाभारत हाती घेतले. ज्या समाजापाशी व्यास आहेत, भरतमुनींचे नाट्यशास्त्र आहे, कीर्तनापासून संगीत नाटकापर्यंतची अखंड परंपरा आहे, त्याने दुसऱ्याचा पडदा पाडण्यात आपले सामर्थ्य का मानावे? आपला पडदा वर जाऊ द्यावा.

रंगमंदिर हा शब्द आपल्या भाषेने विचारपूर्वक घडविला आहे. त्यात मंदिर आहे. म्हणून तेथे येणाऱ्या कलावंताने पायातले जोडे बाहेर ठेवून यावे, अशी समाजाची अपेक्षा असते आणि ती अपेक्षा उच्चरवाने सांगण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. पण मंदिराची किल्ली राजाने आपल्या कमरेला लावावयाची नसते. ती गावाची असते. ‘कीचकवध’ बंद करणारा अधिकारी परका होता. ‘नथुराम’ बंद करणारे आपले होते. किल्ली दोघांच्याही हाती शोभली नाही. उद्या ती कोणाच्या हाती असेल, हे आपणांपैकी कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा ती आजच, आपल्या हाताशी असताना, कायद्याच्या खुंटीवर टांगून ठेवणे शहाणपणाचे आहे.